रांजणाच्या वतीनं ओ देणारी बाई

नाकावरचा रुमाल काढा आधी. मी वेंगुर्ल्याची पोर, तीस वर्षं या फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर सून म्हणून नांदतेय, आणि माहेरची माणसं आली की पहिलं नाकच धरतात. सुक्या मासळीच्या बाजारात धरता का? या रांजणांत मांदेलीएवढी बारकी मासळी मिठात मुरत घातलीय. वर निथळतं ते पातिस, खाली उरतं ते बागूंग. इथल्या पानात आपल्या लोणच्या-चटणीचा मान त्यांना. बाटल्या भरून 'तुलोय' नावानं विकतो आम्ही.

आता त्या झाकण काढणाऱ्या बाईकडे बघा. आधी रांजणावर टकटक करून म्हणाली, 'ताओ पो', म्हणजे 'माणूस आलंय हो'. मागून दुसरीनं ओ दिली, 'तुलोय पो', म्हणजे 'या, आत या'. इतर गावं दारावर म्हणतात ते आम्ही रांजणाला म्हणतो. हसू नका, ऐका.

फार पूर्वी, असं सांगतात, इथं समुद्री लुटारू यायचे आणि माणसं धरून नेऊन विकायचे. गावात तोमासा नावाची विधवा मासळी खारवायची. पदरी एकच मुलगी, इसांग. एका दुपारी टेकडीवरून इशाऱ्याचा शंख वाजला. पळायला वेळच नव्हता. तोमासानं पोरीला रिकाम्या रांजणात बसवलं, जरा फट ठेवून झाकण लावलं आणि बजावलं, "हलायचं नाही, रडायचं नाही." स्वतः मिठाच्या ढिगामागे दडली.

लुटारूंनी दोन रांजण फोडले आणि वासानं मागे सरले. आता जातील, असं वाटलं. पण त्यांचा म्होरक्या याच किनाऱ्यावर वाढलेला, म्हणे. मेला घरभेदी. इथल्या आया लेकरांना बोलायला लागल्यापासून काय वळण लावतात, ते त्याला पक्कं ठाऊक. कुणी 'ताओ पो' म्हटलं की ओ द्यायची. न देणारं पोर बिनवळणाचं. त्यानं रांजणावर बोटं वाजवली आणि गोड आवाजात म्हणाला, "ताओ पो." थांबला. मग पुढच्या रांजणाशी गेला. "ताओ पो."

तोमासा ढिगामागून ऐकत होती. पोरीला सगळं बजावलं होतं, नेमकं हेच राहिलं होतं. आणि वळण तर तिनंच लावलेलं. म्होरक्याची बोटं इसांगच्या रांजणावर वाजली. आत बोलण्याआधी घेतात तसा बारीक श्वास घेतल्याचा आवाज झाला.

तोमासा ढिगामागून उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुलोय पो."

सगळे तिच्याकडे धावले. ओहोटी लागली होती, होड्या अडकायच्या भीतीनं त्यांनी तिलाच घेऊन काढता पाय घेतला. जाताना तिनं रांजणांकडे एकदाही वळून पाहिलं नाही, म्हणे. पाहिलं असतं तर त्या मेल्यानं ओळखलं असतं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पोर मात्र वाचली, आणि माझ्या सासूबाई तिच्याच वंशातल्या. मला हे सांगताना त्या रडल्या, मीही रडले.

आजही आमच्या गावात दारावर हाक आली तर मूल ओ देत नाही. बाहेरचे म्हणतात, इथली पोरं उद्धट. म्हणोत बापडे. आधी घरातली बाई दारात येते, कोण आलंय ते नीट बघते, आणि मगच म्हणते, 'या.'