तुडवलं की चिरडलं

माळावर अजून कुणी नांगर फिरवला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तळ्याजवळच्या उघड्या खड्यांत टिटवीनं दोन अंडी घातली होती. ऊन चढलं की ती तळ्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची, म्हणजे अंडी गार राहायची. एक दिवस पाण्यावर निघालेल्या म्हशीचा पाय पडला आणि एक अंडं गेलं.

टिटवी धावत करकोच्याकडे गेली. तळ्यावरचा न्याय तोच करायचा. "आबा, म्हशींना वाट बदलायला सांगा. माझं एक अंडं चिरडलं, दुसरं उन्हात पडलंय."

"चिरडलं की तुडवलं?" करकोच्यानं मान वाकडी केली. "चिरडतं ते ओझ्यानं, तुडवतात ते पायानं. उगाच काहीही बोलू नये."

"मग तुडवलं म्हणा!"

"मी कशाला म्हणू? पाहिलंस तू."

बगळ्यांनाही चेव आला. एक म्हणाला, तुडवायला पाय पुन्हा पुन्हा पडावा लागतो. दुसरा म्हणाला, मग हे रगडणंसुद्धा नव्हे. टिटवी उठू लागली की करकोचा दटावायचा, "फिर्यादीनं बसायचं असतं." सूर्य डोक्यावर आला तरी शब्द ठरेना.

शेवटी जागा पाहायला सगळे माळावर आले. टिटवीनं अंड्याला पोट टेकवलं आणि चटका बसून ती मागं सरली. अंडं आतल्या आत शिजलं होतं. तिनं टाहो फोडला.

करकोच्यानं ते चोचीनं उलटंपालटं करून पाहिलं. "याला तर साधा तडासुद्धा नाही," तो म्हणाला. "मग हे तू रडतेस, की नुसती ओरडतेस?"