वाळूतला मासा

“...पण काही बदलतंय की नाही, एवढं तरी सांगा ना, भंतेजी!”

भोजनदान नुकतंच आटोपलं होतं. म्हातारे भंते उपशांत जिने चढून आले होते. जेवून झालं तरी धाप गेली नव्हती.

यजमान प्राध्यापक अश्वजित ढोके त्यांच्यापुढे बसला होता.

“रोज पहाटे ध्यानाला बसतो. उठलो की स्वतःला तपासतो. राग गेला का? नाही. तोच राग. थकलो मी. आज उत्तर मिळालं नाही, तर उद्यापासून बसणं बंद.”

भंते कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे बघत राहिले. दिव्याखाली पाणी, वाळू... बाकी काहीच नाही.

“रिकामीच?”

“मासा आहे. बॅन्जो कॅटफिश. वाळक्या पानासारखा दिसतो. वाळूत गाडून घेतो स्वतःला. अंधारातच खायला बाहेर येतो म्हणे.”

“आहे की होता, विचारा,” स्वयंपाकघरातून त्याची बायको उत्पला म्हणाली. “हे रोज उकरून बघतात आणि रोज ‘मेला’ म्हणून सांगतात. मी तर आता हळहळायचंही सोडलंय.”

अश्वजितने रागाने बाही सारली. टाकीत हात घालून वाळू उकरली. मासा वर काढला.

तळहातावर तो ताठ पडून राहिला. कल्लासुद्धा हलेना.

“बघा. इथेही तेच.”

“आत सोड.”

मासा पानासारखा तळाशी गेला. तिथेच पडला.

दोघे बघत बसले. भंतेंचे डोळे मध्येच मिटत होते...

बऱ्याच वेळाने मासा थरथरला. अंग घुसळत वाळूत शिरला. दिसेनासा झाला.

“जिवंत आहे!” अश्वजित हसला. मग त्याचा चेहरा उतरला. “दुखावला तर नसेल ना? एकदाच बघतो...”

हात पुन्हा पाण्याकडे गेला.

भंतेंनी मनगट धरलं. पकड सुटत नव्हती.

अश्वजितने टाकीवरची नजर भंतेंकडे वळवली.

“मग मला कळणार कसं, भंतेजी? माशाचं राहू द्या... माझं?”

भंतेंनी मनगट सोडलं. त्याच्याच खांद्यावर भार टाकून उठले. चीवर सावरलं.

“खाणं टाक,” ते म्हणाले, “आणि दिवा मालव.”