ओल्या कायद्याचा माळ

आडदऱ्याच्या डोक्यावर, पायवाट जिथं दम खायला थांबते, तिथं एक सपाट माळ आहे. माळावर गवताचं छप्पर आणि छपराखाली दाराच्या फळीएवढी मातीची पाटी आडवी ठेवलेली. पाटीवर अक्षर एकही नाही. थेंब, नांगर, तराजू, होडी अशा खुणा बोटानं कोरलेल्या आहेत आणि खालच्या कडेला नऊ अंगठे. वरून गोणपाट. हा आडदऱ्याचा कायदा. चढून आलेले पाहुणे पहिल्यांदा हेच विचारतात, की इतकी जपता, तर भाजून पक्की का करत नाही? मग इथलं कुणी जुनं माणूस त्यांना सावलीत बसवतं, पाणी देतं आणि सांगू लागतं.

या दऱ्यावर पूर्वी एक राजा होता म्हणे. दिवस फिरले तसा तो एका सकाळी शिपायांसकट घाट उतरून गेला, तो परतलाच नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यानं धान्याची पेवं रिकामी केली. आडवे आलेल्यांना शिपायांनी कापून काढलं. त्यात खालच्या वाडीच्या सुभानाचा एकुलता एक मुलगा गेला. मागं राहिल्या नऊ वाड्या आणि राजाचा रिकामा तबेला.

नऊ वाड्यांनी ठरवलं, की आता राजा नको, राज्य आपलंच. पण राज्य म्हटलं की कायदा आला. तो करायला एकेका वाडीनं एकेक माणूस माळावर धाडला. कायदा लिहायचा कशावर? कागद कुणाला वाचता येत नव्हता. तेव्हा ठरलं, की ओल्या मातीवर खुणा करायच्या, नवांचे अंगठे घ्यायचे आणि पाटी कुंभाराच्या आव्यात भाजायची. भाजली की कायदा पक्का, मग कुणी बोट लावायचं नाही.

माती मळायचं काम कुंभाराच्या हौसाकडे आलं. मातीला बळ यावं म्हणून तिनं तबेल्यातली घोड्यांची लीद आणून मिसळली, तेव्हा धनगरांचा धुळाजी म्हणाला, "राजानं आपल्या राज्याला एवढंच दिलं बघा." सगळे हसले. हौसाही हसली, पण जरा उशिरा.

कारण तिचा नवरा राजाचा शिपाई होता. तोही त्या सकाळी घाट उतरला. हौसा आठ महिन्यांच्या साळूला घेऊन बापाच्या घरी राहिली होती.

चर्चा चाळीस दिवस चालली असं सांगतात. पहिले तीन तर कुणी कुठं बसायचं यातच गेले. शेवटी धुळाजी वैतागून म्हणाला, "मग उभेच राहू या," तेव्हा कुठं सगळे मुकाट बसले. पाण्यावरून भांडणं झाली. होडीवाल्या चांगोनं दोनदा पागोटं आपटलं आणि दोनदा स्वतःच उचलून झटकलं. या सगळ्यात पाटी वाळू द्यायची नव्हती. हौसा साळूला पाठीशी बांधून दर घटकेला फडकं भिजवून पाटीवर पसरायची. पाणी फार झालं का, कमी पडलं का, पोरीच्या डोक्याला ऊन लागतंय का, सारख्या शंका. ती ऐकत असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

अडतिसाव्या दिवशी सुभाना उठला. म्हणाला, "राजाच्या शिपायांची पोरं आपल्यात नकोत. लहान आहेत तोवर राहू देत. बारा वर्षांची झाली की घाट उतरायचा." त्याच्या मुलाचं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मान वर केली नाही. धुळाजीनं पाटीवर एक पाऊल काढलं, बोटं बाहेरच्या बाजूला. अशी पोरं दऱ्यात सात-आठ होती, सगळी अंगावरची, साळू त्यातली थोरली. त्यांच्या आया माळावर नव्हत्या. होती एकटी हौसा, आणि तिच्या हातात फडकं होतं.

ती बोलली नाही. घरी गेल्यावर तिनं स्वतःला हजार दूषणं दिली, तरी दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. चाळिसाव्या दिवशी नऊ अंगठे उमटले आणि पाटी वाळायला ठेवली. वाळली की आवा पेटायचा.

पाचव्या दिवशी चांगोनं विचारलं, "झाली का गं?"

"अजून ओल आहे," हौसा म्हणाली. "ओली भाजली तर फुटंल."

आठव्या दिवशीही ओल होती. बाराव्या दिवशीही. ऊन तर असं होतं, की धनगरांची मेंढरंसुद्धा सावली सोडत नव्हती.

तेराव्या दिवशी तिचा बाप माळावर आला. कुंभार ओल हातानं नाही पाहत, गालानं पाहतो. म्हाताऱ्यानं वाकून पाटीला गाल लावला. गार लागली. त्यानं लेकीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हौसे, ही ओल मातीची नव्हं."

नऊही जण तिथंच होते. हौसानं हातातलं फडकं खाली ठेवलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वाळली होती," ती म्हणाली. "केव्हाच. मी रोज भिजवते."

मग जो गलका उठला! चांगो ओरडला, "मडकी घडवणारीनं राज्य अडवावं? उद्या न्हावी म्हणंल, वस्तरा न्हाई लावत!" धुळाजीनं काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं, "का केलंस, पोरी?"

"भाजल्यावर ते पाऊल पुसता येणार नाही, मामा. माझी साळू त्या पावलानं जाईल."

सुभाना उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या पोराला मारलं, त्यात तुझा नवरा होता का?"

हौसाला खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस बोलतच होती. ती म्हणाली, "असंल, तात्या. मला ठाऊक नाही. मी त्याला विचारलं नाही. उत्तर ऐकायचं धाडस नव्हतं."

 साळू पाठीवर कुरकुरत होती.

सुभाना म्हणाला, "पाऊल मी पुसू देणार नाही, कायदा तोच राहील. पण भाजूही नका. वर्षानं पाटी भिजवा, नवांना बोलवा, आणि मला परत विचारा."

तसंच झालं. वर्षानं हौसानं पाटी भिजवली, धुळाजीनं विचारलं. सुभाना म्हणाला, "अजून नाही." दुसऱ्या वर्षीही तेच. हौसा दर साली त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची, तो घोटभर प्यायचा आणि म्हणायचा, अजून नाही. साळू चालू लागली, चाक फिरवायला शिकली, आजोबांना उलट बोलू लागली. अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी हौसानं साळूचं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, भाकरी आणि एक छोटं मडकं. घाटाखाली कोण भेटेल, पोरगी कुठं निजेल, या विचारानं गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. सुभाना आता थकला होता. चढताना साळूनंच त्याला हात दिला म्हणे. धुळाजीनं विचारलं. सुभानानं घोटभर पाणी पिऊन पाटीकडं पाहिलं.

"एकदाच विचारलं असतंत," तो म्हणाला, "तर एकदाच नाही म्हणून सुटलो असतो. बारा वर्षं विचारत बसलात." मग साळूकडं वळला. "पाणी ओत, बये."

साळूनं पाणी ओतलं. सुभाना गुडघ्यांवर बसला आणि अंगठ्यानं पाऊल पुसू लागला. बारा वर्षांची खूण, सहजी जाईना. दुसरं कुणी हात लावायला आलं, तर त्यानं लावू दिला नाही. दिवस कलेपर्यंत तो एकटा घासत होता. शेवटी पाऊल गेलं आणि तिथं तळहाताएवढा खळगा पडला. असं सांगतात, की हौसा तेव्हा रडली नाही. तिनं घरी येऊन आधी गाठोडं सोडलं आणि मग रडली.

आजही चैत्रात नऊ वाड्यांची माणसं माळावर जमतात, पाटी भिजवतात आणि खुणेखुणेवर बोट ठेवून विचारतात, की हे असंच ठेवायचं ना? जो नाही म्हणेल, त्याला कुणी हसत नाही, कुणी रागवत नाही. पाण्याचा तांब्या आधी त्याच्या हातात देतात. गेल्या साली वरच्या वाडीची एक बाई पाण्याच्या खुणेवरून अडून बसली. पुष्कळ समजावलं, पण तिचं म्हणणं एकच, अजून नाही. तेव्हा लोकांनी गोणपाट भिजवून पाटीवर घातलं आणि तिच्यासोबतच खाली उतरले. यंदा तिला परत विचारतील.