हवेत बदललेला शर्ट

"संध्याकाळी सहापर्यंत इन्स्पेक्टर रणधीर जिवंत झाला पाहिजे," असं म्हणून रंगरावांनी टेबलावर मूठ आपटली. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. रणधीरला दोन महिन्यांपूर्वी रंगरावांनीच तर मारलं होतं.

रंगराव म्हणजे टीव्हीवरच्या 'तिसरा ठसा' या रहस्यमालिकेचे मालक. कोल्हापूरच्या त्यांच्या स्टुडिओत त्यांचा शब्द म्हणजे राजाज्ञा. रणधीरचं काम करणाऱ्या नटानं मिशी काढायला नकार दिला, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी रणधीरला डोंगराच्या कड्यावरून खाली टाकला होता. मालिकेतच टाकला, पण प्रेक्षक खरोखरच सुतकात गेले आणि बघायचेच थांबले. आता वाहिनीचा निरोप आला होता की शुक्रवारी रणधीर परत आला तर ठीक, नाहीतर मालिका बंद.

लेखक देवदत्त म्हणाले, त्यात काय मोठंसं, जुळा भाऊ आणू. रंगरावांनी आठवण करून दिली की जुळा भाऊ वर्षभरात तीनदा येऊन गेलाय. मग देवदत्तांना रणधीरची स्मृती घालवायचं सुचलं. तीही दोनदा गेली होती, एकदा तर डोक्यात नारळ पडून. चेहरा बदलावा, तर तो खलनायकानं गणपतीतच बदलला होता. देवदत्तांची पोतडी तिथं संपली.

त्यात रंगरावांच्या हाती साताऱ्याच्या एका आजोबांचं पत्र लागलं. आजोबांनी लिहिलं होतं, 'घरातून निळ्या शर्टात निघून तपकिरी चौकड्यांच्या शर्टात दरीत पडणाऱ्या, हवेतल्या हवेत कपडे बदलणाऱ्या साहेबांना आमचा दंडवत.'

झालं, सगळा राग शर्टावर निघाला. कड्यावरून ढकलायच्या बाहुल्याला तो शर्ट घातला कुणी, असं रंगरावांनी विचारलं.

"मी घातला, मालक," दारातून आवाज आला. कपडेपट सांभाळणाऱ्या सगुणाक्का इस्त्रीचे कपडे हातावर घेऊन उभ्या होत्या.

त्या दिवशी निळा शर्ट ओला होता. तासभर थांबा, वाळेल, असं अक्कांनी सांगितलं होतं. तेव्हा मालकच म्हणाले होते, कुठलाही घाला हो, कोण बघतंय. पण हे आत्ता बोलून दाखवायची वेळ नव्हती.

"तुमच्या शर्टानं अब्रू गेली, अक्का," रंगराव म्हणाले. "तर आता तुम्हीच रणधीरला उठवा. नाही जमलं तर कपडेपटाची किल्ली या टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं."

अक्कांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. सव्वीस वर्षं ती तिथंच होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांची माणसं त्या कपडेपटाच्या ट्रंकांमध्येच होती, घड्या घालून ठेवलेली.

खोलीत जाऊन त्यांनी तो तपकिरी शर्ट शोधून काढला. अक्कांचं माहेर परटाचं. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पात्राच्या कपड्यांना त्या कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्याची खूण घालत. त्यांनी कॉलर उलटली. दोन लाल टाके. बराच वेळ त्या टाक्यांवर बोट फिरवत बसल्या. मग उठून उरलेली इस्त्री उरकली, आणि सहाच्या ठोक्याला शर्ट घेऊन हजर झाल्या.

"लेखकसाहेब, हा शर्ट कुणाचा?"

"रणधीरचा. त्यातच तर तो मेला."

"नाही. दोन लाल टाके म्हणजे जग्या."

जग्या हा मालिकेतल्या टोळीतला गुंड. त्या दिवशी रणधीरच्या मागे सुरा घेऊन कडा चढलेला तोच.

"आधीचे चार भाग लोकांनी जग्याला याच शर्टात पाहिलाय," अक्का सावकाश म्हणाल्या. "कड्यावर दोघं गेले. खाली एकच पडला, तो जग्याच्या शर्टात. मग मेला कोण?"

देवदत्त सावरून बसले. "पण रणधीरच्या आईनं प्रेत ओळखलं ना."

"आई फोटोपुढं रडली, साहेब. बाहुल्याला तोंड नव्हतं म्हणून तुम्ही त्याला पालथाच ठेवलात."

"बरं, मग जग्या?"

"त्यानंतर तो कुठं दिसला, ते तुम्हीच सांगा."

देवदत्तांनी वही पुढून चाळली, मागून चाळली. दोन महिन्यांत जग्याचं नावही नव्हतं. ते त्याला साफ विसरले होते, आणि त्याचं काम करणारा नट बोलावणं येईना म्हणून गावी निघून गेला होता.

रंगराव पुढे वाकले. "आणि रणधीर इतके दिवस होता कुठं?"

"टोळीला तो मेला असंच वाटायला हवं होतं. त्यांच्यातच राहिलाय, वेष पालटून. मिशी काढून."

"मिशी? तो काढायचा नाही."

"आता काढेल, मालक. मेल्यापेक्षा मिशी गेलेली बरी."

रंगराव असे हसले की टेबलावरचा चहा सांडला. किल्ली अक्कांच्या कमरेलाच राहिली.

शुक्रवारी रणधीर बिनमिशीचा परत आला. चार दिवसांनी साताऱ्याच्या आजोबांचं पुन्हा पत्र आलं, 'आम्ही शर्टावरून पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.' ते वाचून रंगरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसून हसून. त्यांनी हुकूम सोडला की मालिकेच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये लेखकाच्या आधी सगुणाक्कांचं नाव यावं. वर अक्कांना विचारलं, आणखी काय हवं ते मागा.

"ओला शर्ट वाळेपर्यंत थांबत जा, मालक," अक्का म्हणाल्या. "बघतं हो कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या अंगणात निळा शर्ट दोरीवर वाळत होता, आणि शेजारी खुर्ची टाकून रंगराव निमूटपणे चहा पीत बसले होते.