खार आणि मशालफूल

डोंगरमाथ्यावरच्या एका बंद बंगल्याच्या बागेत एक खार राहत असे. राहत असे म्हणजे काय, मुलांनो, धावत असे! आत्ता कुंपणावर, आत्ता कौलांवर, की पुन्हा कुंपणावर. पायाला नुसती भिंगरी. त्या बागेत मशालफुलांचे एक जुने झुडूप होते. गवतासारखी लांब पाती, आणि मधून निघालेल्या ताठ दांड्यावर वर लालभडक, खाली पिवळे असे फूल. लांबून वाटावे, कुणी मशालच पेटवून रोवली आहे. त्यातला मध प्यायला एक इवलीशी शिंजीर पक्षीण दरवर्षी येई, तिथेच घरटे बांधी आणि दिवसभर खारीशी गप्पा मारी. त्या ओसाड बागेत खारीला तेवढीच एक मैत्रीण होती.

एका वर्षी पावसाळा सरता सरता एक रानडुक्कर बागेत घुसले आणि त्याने ते झुडूप मुळासकट उकरून टाकले. शिंजीर हिरमुसली. ती म्हणाली, "खारूताई, कोपऱ्यातले पांगाऱ्याचे झाड फुलले की चार दिवस माझे भागेल. पण त्याची फुले संपली आणि इथे मध नसला, तर मला खालच्या रानात जावे लागेल गं. पिल्लांना उपाशी कशी ठेवू?" खार टुणकन पुढे आली. "छे छे, जायचे नाव काढू नकोस! मी आहे ना!" असे म्हणून तिने उकरलेल्या मातीतून मुळाचे दोन तुकडे शोधून काढले. एक आपल्या राहत्या जांभळाच्या झाडाखाली लावला आणि दुसरा लांब, रचलेल्या दगडांच्या गडग्याजवळच्या उतारावर.

मग सुरू झाली खारीची उठाठेव. जांभळाखालच्या रोपाला ऊन कमी पडते म्हणून तिने ते उपटून पुढे लावले. पुढे वारा लागतो म्हणून पुन्हा मागे आणले. टाकीच्या गळक्या नळाचे पाणी तोंडात धरून ती दिवसभर त्याच्या बुडाशी ओतत राही. खालची पाती वाळली, तर "शी, किती कळकट!" म्हणून तिने ती सगळी ओढून काढली. गडग्यातल्या दगडाखाली एक म्हातारा बेडूक राहत असे. तो म्हणाला, "पोरी, जरा दम धर. त्याला बूड टेकू दे." खार फणकारली, "तुम्हाला काय जाते सांगायला, बेडूककाका? तुम्ही तर जन्मभर बसूनच आहात!" पुढे कडाक्याची थंडी पडली, पहाटे दव गोठू लागले आणि एका सकाळी ते रोप काळे पडलेले दिसले. खारीने बोट लावले तर मूळ चिखलासारखे मऊ. ती ढसाढसा रडली. आणि रडून झाल्यावर काय म्हणाली ठाऊक आहे? "माझेच कष्ट कमी पडले! आता दुसऱ्याला दुप्पट जपीन!" आता काय बोलावे हिला!

ती धावत सुटली. गडग्यावरून उडी मारताना एक दगड सुटला आणि तिचा मागचा पाय चेचला गेला. कशीबशी सरपटत ती गडग्याच्या कपारीत शिरली आणि तिथेच अडकून पडली. समोर ते दुसरे रोप, आणि जवळ जाता येत नाही! तिच्या जिवाची नुसती तगमग. "काका, त्याला घोटभर पाणी तरी घाला हो!" "माती ओली आहे. इथे पाणी साचत नाही, म्हणून तर ते जगले." "मग ती वाळकी पाती तरी काढा!" "ते त्याचे पांघरूण आहे. थंडीत तुझे पांघरूण कुणी ओढले तर चालेल तुला?" "जळले मेले तुमचे शहाणपण!" म्हणून खारीने तोंड फिरवले. पण दुसऱ्याच क्षणी ती पुन्हा रोपाकडे बघू लागली.

पाय बरा होईपर्यंत पांगाऱ्याच्या बहुतेक फुलांचा सडा पडून गेला. रोपातून एक दांडा वर आला होता, पण त्याच्या टोकाला हिरवी, घट्ट मिटलेली कणसासारखी कळी. ना रंग, ना मध. शिंजीर येऊन म्हणाली, "खारूताई, आता थांबता नाही यायचे. उद्या निघते." खार लंगडत रोपापाशी गेली. कळी नखांनी उकलली तर? आतला मध मैत्रिणीला आत्ताच दाखवता येईल! तिने पंजा उचलला. तिला ते काळे पडलेले रोप आठवले. शेवटी तिने तो खाली घेतला, दोन्ही पंजांनी स्वतःचीच शेपटी गच्च धरली आणि डोळे भरून आले तरी जागची हलली नाही. उजाडले तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

निरोप घ्यायला आलेली शिंजीर बघतच राहिली. "अगंबाई! खारूताई, तू आणि चक्क बसलेली?"

"हात लावला तर बिघडेल गं," खार हळूच म्हणाली. "म्हणून बसले आहे. तू जा. पिल्लांचे बघायला हवे तुला."

शिंजीर फांदीवर टेकली. "तुला मी कधी घटकाभर स्वस्थ बसलेले पाहिले नाही. तू एवढी बसली आहेस, म्हणजे यातून काहीतरी येणारच. पांगाऱ्यावर अजून दोन-चार फुले आहेत. त्यांचाच मध पुरवून पिते मी." ती थांबली. ती फुले संपत आली तेव्हा कळीच्या खालच्या अंगाने पहिल्या पाकळ्या उघडल्या, आणि शिंजिरीने त्यात चोच घातली. खारीला इतका आनंद झाला की तिने साऱ्या बागेला लंगडतच फेऱ्या मारल्या. रोपाला मात्र तिने बोटसुद्धा लावले नाही.

तात्पर्य एवढेच, बाळांनो : हात लावून माया करणे सोपे असते. हात आवरून माया करणे शिकावे लागते.