नानकटाईचा निवाडा

“मग नानकटाई ही बिस्कीट नव्हेच, असंच ना, बाबा?”

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. दर्ग्यामागच्या तकियात, फकिरांच्या त्या जुन्या मुक्कामात, कट्ट्यावर बसून ते मेथी निवडत होते.

“बस की, मास्तर.”

रंगनाथ माळवदे बसले नाहीत. अख्खं गाव त्यांना सर म्हणे. मास्तर म्हणणारे हे एकटेच. चौतीस वर्षं सरांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं. वटवाघूळ पक्षी नाही आणि देवमासा मासा नाही, हे त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांना पटवून दिलं होतं. चूक कबूल करण्याचा सराव मात्र त्यांना नव्हता.

दर गुरुवारी ते तकियात यायचे. ऐकायला जातो, असं घरी सांगायचे आणि इथे येऊन स्वतःच बोलत बसायचे. आज सोमवार होता. दुपारचे चार वाजून गेले होते आणि सरांच्या सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात गेली होती.

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि कट्ट्यावर उलगडली. आत एक बिस्कीट, एक नानकटाई आणि केकचा एक तुकडा.

“हे काय रं?”

“नमुने.”

फकिरी घेण्याआधी बाबांनी बाजारातल्या बेकरीत बावीस वर्षं भट्टी सांभाळली होती. या विषयात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून तर सर स्कूटर दामटत इथे आले होते.

खरं तर त्यांनी जायला हवं होतं दुसरीकडे.

त्यांची एकुलती एक लेक शुभदा. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, तेव्हा जन्मभर नवसाला हसलेले सर आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि बोलले, “शुभाचं बाळ हातात येईपर्यंत बिस्कीट वर्ज्य.”

लोकांना वाटेल, यात काय मोठंसं. पण सरांचा चहा म्हणजे निमित्त. अर्धा पुडा एका बैठकीत संपायचा. शुभदाला कळलं तेव्हा ती फोनवर खूप हसली होती. “अप्पा, तुम्ही आणि नवस?”

दोन महिने पाळला. काल एका जुन्या विद्यार्थ्याच्या सत्काराला गेले. भाषण झालं, टाळ्या झाल्या, पुढ्यात बशी आली. बोलण्याच्या नादात दोन नानकटाया पोटात गेल्या, आणि तिसरी उचलताना हात जागच्या जागी थबकला.

आज सकाळी शुभदाचं ब्लडप्रेशर एकाएकी चढलं. दवाखान्यात दाखल केलं. पाच वाजता सिझर करायचं ठरलं.

सरांची पत्नी नलिनीताई सकाळपासून तिच्यापाशी होत्या. सर मात्र घरातून निघाले ते बेकरीत गेले, आणि तिथून इकडे.

“हे बघा, बाबा.” सरांनी बिस्कीट उचललं. आवाज वर्गातला होता. “बिस्कीट चहात बुडवतात. नानकटाई कोणी बुडवत नाही, ती विरघळून तळाशी जाते. म्हणजे गुणधर्म वेगळा. बरोबर?”

“बरूबर.”

“वरून तडकते, आतून भुसभुशीत राहते. म्हणजे तिचं नातं केकशी जवळचं. आणि तुमच्याच बेकरीच्या बोर्डावर काय लिहिलंय? बिस्कीट, खारी, नानकटाई. तिन्ही वेगवेगळी.”

“त्यो बोर्ड मीच रंगवून घेतला हुता.”

“मग?” सरांचा चेहरा उजळला.

“पेंटरनं खाली जागा सोडली हुती. मोकळी बरी दिसंना.”



बाबांनी किटलीतला चहा दोन कपांत ओतला. मग सरांच्या हातातलं बिस्कीट सहज काढून घेतलं, चहात बुडवलं आणि खाऊन टाकलं.

“बाबा, तो नमुना होता.”

“चांगला हुता.”

एरवी सरांना हसू आलं असतं. आज त्यांची नजर मनगटावर गेली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“बाबा, मला फक्त एक शब्द हवाय. बिस्कीट, की बिस्कीट नाही? एकदा ते नक्की झालं की मी लगेच निघतो.”

“भट्टीत तर दोन्ही एकाच कढईतल्या तुपाची आणि एकाच पोत्यातल्या मैद्याची. लोक मला इचारायचं, नानकटाई उपासाला चालती का?”

“तुम्ही काय सांगायचात?”

“गिऱ्हाइकाचं तोंड बघायचो. ज्येला खायचीच हाय, त्येला कोण अडवणार?”

बाबांनी पुडीतली नानकटाई उचलली आणि सरांच्या पुढे धरली.

“तू काय म्हनतूस? हे बिस्कीट न्हाई?”

“नाही.”

“मग खा.”

सरांनी हात पुढे केला. नानकटाई हातात घेतली. वेलचीचा वास आला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना.

“खा की. तुजं तूच सिद्ध केलंस.”

…

सरांनी नानकटाई पुन्हा पुडीत ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. चौतीस वर्षांत फळ्यावरचं गणित अर्ध्यात सोडून ते कधी खाली बसले नव्हते. आता कट्ट्यावर मटकन बसले.

“मोडला ना, बाबा, माझा नवस?”

बाबांनी मेथीची जुडी बाजूला सारली.

“मी आधी चहा सोडणार होतो. देवासमोर तोंडापर्यंत शब्द आला होता. मग वाटलं, चहावाचून डोकं धरतं. म्हणून ऐन वेळी बिस्कीट केलं. लेकीच्या जिवासाठी एवढंसं सोडलं, आणि तेवढंही मला जमलं नाही.”

“हं.”

“प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, अनवाणी चालायला सांगा. काही सांगा. मी हातचं काही राखणार नाही.”

खिशातला फोन वाजला. सरांनी नाव पाहिलं आणि दोन वेळा वाजू दिला. मग उचलला.

“अहो, आहात कुठे तुम्ही?” नलिनीताईंचा आवाज बाबांनाही ऐकू येत होता. “पाचचं साडेचार केलंय. आता नेतील आत. शुभा सारखी विचारतेय, अप्पा आले का, अप्पा आले का. काय सांगू तिला?”

“येतोय. एक काम आहे, दहा मिनिटांचं.”

“आज कसलं काम?”

“येतोय,” एवढंच पुन्हा म्हणून त्यांनी फोन बंद केला.



“दवाखाना कितीसा लांब हाय?”

“स्टँडच्या पलीकडे. पाच मिनिटं लागतील.”

“सकाळपास्नं गेला न्हाईस?”

सरांनी मान हलवली.

“का?”

…

“मी कुठल्या तोंडाने जाऊ, बाबा?” सर म्हणाले. “ती हात पुढे करील. मी हात धरीन. आणि आत काही झालं, तर ते माझ्यामुळे झालं, हे मला एकट्याला माहीत असेल. नानकटाई बिस्कीट नाही, एवढं तुम्ही म्हणालात तर मी तिच्यासमोर उभा राहू शकेन. तुम्ही म्हणा फक्त. खोटं असलं तरी म्हणा.”

दर्ग्याच्या भिंतीवर ऊन उतरलं होतं. कुठल्याशा घरातून रेडिओ ऐकू येत होता. सरांना घड्याळाकडे बघायची भीती वाटत होती, तरी ते सारखे तिकडेच बघत होते.

बाबा उठले. ऐंशीच्या घरातला माणूस. गुडघ्यावर हात टेकत उठले, पायऱ्या उतरून खाली गेले आणि वाकले. सरांच्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

सर धडपडत खाली धावले. “बाबा, अहो, काय हे? तुम्ही माझ्या चपलांना हात लावायचा?”

“घाल.”

सरांनी चपला घातल्या. डावी उजवीत जायला लागली, ती पुन्हा नीट केली. स्कूटरची किल्ली पिशवीत सापडेना, ती हातातच होती. फाटकापर्यंत गेले आणि तिथे पाय पुन्हा अडखळले. सवय वाईट असते. उत्तराशिवाय त्यांना वर्ग सोडता येत नव्हता.

“पण बाबा… नवस खरंच मोडला असेल, तर?”

बाबा कट्ट्याकडे बघत होते. जिथे थोड्या वेळापूर्वी सर बसले होते, त्या जागेकडे.

“माजी मन्नत मी शेवटपत्तर पाळली हुती, मास्तर. माजं पोरगं गेलं, तवा मी त्येच्यापाशी न्हवतो, हितंच बसलो हुतो.”