खेतूशेटचं खूर

गप पडा आता. लाथा मारू नगा एकमेकाला. गोष्ट ऐकायची तर डोळं मिटून ऐकायची, न्हाईतर मी चाललो उठून.

लई जुन्या काळी घाटावर एक राजा व्हता. त्येला घोड्यांचं लई येड. पन आपल्या मुलखात तसलं घोडं निपजायचंच न्हाई, बरं का. ते यायचं दर्यापल्याडनं, गलबतातनं. गलबत बंदराला लागलं की घोडी उतरवून घ्यायचा खेतूशेट. ह्यो दलाल. त्येच्याबिगर बंदरात एक शिंगरू इकलं जायचं न्हाई.

घोडी यायची तुकतुकीत, आन् वरीसभरात मरायची. आरं, मरतील न्हाईतर काय! राजा आन् त्येची मानसं त्यास्नी तूपभात चारायची. लाडानं! आन् घोड्याचं खूर तासावं लागत्यात, ह्ये तिथं कुनाला ठावंच न्हाई. मग खूर वाढायचं, घाटाच्या दगडांनी फाटायचं. घोडं लंगडायचं, बसायचं, आन् बसलं की उठायचं न्हाई. राजा रडायचा. मग खेतूशेट बी त्येच्यासंगं रडायचा. "देवाची मर्जी, म्हाराज," म्हनायचा, आन् नवी घोडी इकायचा. त्या कमाईतनं त्येनं बंदरावर मोठं देऊळ बांधलं.

त्येला समदं ठावं व्हतं. गलबतावरच्या लोकांनी कवाच सांगितलं व्हतं. त्येनं ते पोटात ठेवलं.

मग एकदा काय झालं, गलबतातनं यासीन नालबंद उतरला. नालबंद म्हंजे घोड्याचं खूर तासून नाल ठोकनारा. म्हनला, "शेट, मी आता हितंच ऱ्हातो. राजाची घोडी जगवतो."

खेतूशेटनं मनात हिशोब मांडला. घोडी जगली तर नवी घेनार कोन? त्यो बंदरावरच्या लोकास्नी म्हनला, "ह्येच्या अंगात रोग हाय. उतरू दिऊ नगा." लोकांनी यासीनला परत गलबतात ढकलला. त्याच दिशी खेतूशेटच्या पायाची नखं जाड झाली. त्येनं बघितलं, आन् धोतर खाली वढलं.

दुसऱ्या वरसाला यासीन पुन्यांदा आला. चिवट गडी! मग खेतूशेट म्हनला, "ह्यो परक्या धर्माचा. ह्येच्या पावलानं देवळाचं तळं बाटंल." झालं. बंदरकरांनी दगडंच उचलली. यासीनचं कपाळ फुटलं. आन् खेतूशेटच्या पायाची बोटं एकमेकाला चिकटली.

तिसऱ्या वरसाला राजा सोता देवदर्शनाला बंदरावर आला. यासीन त्येच्याम्होरं जाऊन हुबा ऱ्हायला. मग खेतूशेटनं काय केलं? देवाच्या पायावर हात ठिवला. देवाच्या पायावर, ऐकताय न्हवं? आन् म्हनला, "शपथ हाय म्हाराज, ह्यो कसाई हाय. जित्या घोड्याला खिळं ठोकतो. ह्येच्या हातनं घोडी मरतील." राजानं यासीनला हाकलून दिलं.

सकाळी खेतूशेट पलंगावरनं उतरला, तर जमिनीवर टाप वाजली. खट्. दोन्ही पायास्नी खूर!

मग त्येनं चामड्याचं मोठमोठं जोडं शिवून घेतलं. दिसरात पायात. पन देवळात जोडं घालून जानार कसा? उंबऱ्याभाईर उन्हात हुबा ऱ्हायचा. आन् लोक म्हनायचं, "शेटची नम्रता बघा! सोता बांधलेलं देऊळ, पन आत पाऊल घालत न्हाईत." बाया यायच्या आन् त्या जोड्यावर डोकं टेकायच्या. खेतूशेटला वाटायचं, जमीन फाटावी आन् आपुन आत जावं. पन हात वर करून आशीर्वाद द्यायचा!

त्येची बायकू देमाई. ती एक दिवस भडकली. "सैपाकघरात जोडं घालून येता? काय लाज हाय का न्हाई?" तिनं धरलं आन् वढलंच जोडं. बघत ऱ्हायली. मग म्हनली, "माझ्या नवऱ्याचं पाय कुठं हायत?"

खेतूशेट खाली बसला आन् तिला समदं सांगितलं. वर बघायची हिंमत झाली न्हाई त्येची.

"रडू नगा," देमाई म्हनली. "घोडी रडली न्हाईत."

मग पाऊसकाळ आला. खूर भिजलं, फाटलं, आतनं सडाया लागलं. वैद्याला दावायची सोय न्हाई. खेतूशेट घरात गुडघ्यावर रांगायचा. पाऊस सरला, गलबत आलं, तशी देमाई सोता धक्क्यावर गेली. दर्यात घोड्यांचं पाय बघाया यासीन गलबतावर असायचाच. तिनं पदर पसरला.

यासीन म्हनला, "बाई, मी तुमचं दगड खाल्ल्यात. तुझ्या नवऱ्याला लपून बघनार न्हाई. राजाची समदी लंगडी घोडी बाजारात आनायला सांग. त्येनं रांगेत हुबं ऱ्हायचं, शेवटाला. आदी घोडी, मग त्यो."

"घोड्यांच्या मागं?" देमाईनं घरी येऊन सांगितलं तसा खेतूशेट वरडला. "मी? शेट?"

"मग सडा," देमाई म्हनली.

खेतूशेटनं राजाला निरोप धाडला. शेटचा निरोप म्हनून राजा घोडी घिऊन आला. भर बाजारात रांग लागली. शेवटाच्या घोडीमागं खेतूशेट, काठी टेकून.

एक कोळीन हसली. "आवं शेट, तुमचा भाव काय वं?"

सगळा बाजार हसला. यासीननं एकेक घोडी घेतली. पाय मांडीवर घेतला, तासला, नाल ठोकला. एक बी घोडी वरडली न्हाई. लंगडत आलेली नीट चालत गेली. राजाचं तोंड उतरलं.

मग खेतूशेटची पाळी. त्यो वाकला, दोन हात भुईवर टेकलं. यासीननं जोडा काढून फेकला, आन् हसनं बंद झालं.

"बोल," यासीन म्हनला. हातात तासनी.

"म्या ह्येला रोगी म्हनलो. खोटं व्हतं."

खुराचा एक थर गळून पडला.

"म्या म्हनलो, ह्येच्या पावलानं तळं बाटंल. खोटं व्हतं."

ज्यांनी दगडं मारली व्हती, ते मागं सरकाया लागलं. दुसरा थर पडला.

मग खेतूशेटनं देवळाकडं बघितलं, आन् मान खाली घातली.

"बोला की वं," देमाई म्हनली. आता तिचा आवाज बारीक झाला व्हता.

"म्या... देवाच्या पायावर हात ठिवून खोटं बोललो. घोडी का मरत्यात ते मला पयल्यापास्नं ठावं व्हतं, म्हाराज. तुमच्यासंगं रडलो, ते बी खोटं."

खूर निखळलं. आतनं पाय निघालं, तान्ह्या पोराच्या पायागत मऊ. त्येला त्यावर हुबं ऱ्हाता येईना. राजा त्येच्याकडं बघत न्हवता. आपल्याच हातांकडं बघत व्हता, ज्या हातांनी तूपभात चारला त्या हातांकडं.

शेवटाला म्हनला, "यासीन, आता सांग. घोडं खातं काय?"

मग यासीन तिथंच ऱ्हायला. बंदरकरांनी त्येला घर बांधून दिलं. खाली मान घालून बांधलं, बरं का. खेतूशेटचा धंदा बुडला. त्यो राजाच्या पागेत शेन काढाया लागला, अनवानी. देमाई त्येला तिथंच भाकर न्यायची. आता त्येच्या पायावर कुनी डोकं टेकलं न्हाई, आन् त्येला बरं वाटलं.

मग बरीच वरसं गेली. पागेत एक घोडी व्हती, तिचं तोंड पांढरं झालं. राजाची नातवंडं तिला बघाया पळत आली. म्हातारं घोडं त्या मुलखात कुनी कवा बघितलंच न्हवतं.

ती घोडी सुखात निजली, राजा निजला, खेतूशेट बी निजला. आता तुमी निजा. आन् कोन हाय रं त्यो खुसखुसतोय? पाय पांघरुनात घे.